चार डझनाच्या पेटीत सहा डझनाचा आंबा

पहिल्या दिवशी मी रबाळ्याच्या आधीच हरले. कोपरखैरण्याला ठाण्याच्या लोकल गाडीत चढले, खेळ उघडला, घणसोली मागं पडलं आणि डबा गच्च भरून फळं रेषेच्या वर. गुण ६१८. शेजारच्या मुलीनं माझ्या फोनकडं तिरकं बघितलं आणि ओठ दाबले. आदल्या दिवशी मी तिच्या फोनमध्ये असंच तिरकं बघून हा खेळ उचलला होता, त्यामुळं तक्रारीला जागा नव्हती.

खेळ सांगायला दोन मिनिटं पुष्कळ झाली. वरून उघडा असा एक उभा डबा. वरती एक फळ लटकलेलं. बोटानं ते डावी-उजवीकडं सरकवायचं आणि सोडायचं. सारखी दोन फळं एकमेकांना टेकली की ती दोन्ही जातात आणि त्या जागी पुढच्या नंबरचं, आकारानं मोठं असं एक फळ येतं. चेरी, स्ट्रॉबेरी, द्राक्षं, मग डेकोपॉन हे जपानी संत्रं, पर्सिमॉन हे टोमॅटोसारखं दिसणारं केशरी फळ, सफरचंद, नासपती, पीच, अननस, खरबूज आणि शेवटी कलिंगड. अकरा नंबर. यातली पहिली पाचच वरून मिळतात, पुढची आपली आपण घडवायची. डबा भरून फळं रेषेवर साचली की डाव खलास. घड्याळ नाही, आयुष्यं नाहीत, पातळ्या नाहीत. फळ वर लटकत ठेवून तुम्ही चहा करून आलात तरी ते तसंच लटकत राहतं.

मूळ खेळ जपानी आहे, ‘सुइका गेम’. सुइका म्हणजे कलिंगड. जानेवारी २०२१ मध्ये चीनमध्ये असाच एक ब्राउझरवरचा खेळ गाजला, त्यावरून हा सुचला. केला तोही कुठल्या गेम कंपनीनं नव्हे, तर ‘पॉपइन अलादीन’ नावाचा छताला लावायचा दिवा करणाऱ्यांनी. दिवा, प्रोजेक्टर आणि स्पीकर एकातच, आणि त्यातच हा खेळ भरलेला. डिसेंबर २०२१ मध्ये तो जपानात निन्टेन्डो स्विचवर २४० येनला आला आणि पावणेदोन वर्षं कोपऱ्यात पडून राहिला. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या खेळ खेळून दाखवणाऱ्या मंडळींनी तो उचलला आणि पुढच्याच महिन्यात तो जगभर विक्रीला गेला. अलादीनच्या दिव्यातला जिन निघाला, पण निवांत.

माझ्या फोनवर होती ती त्याची फुकट मिळणारी एक नक्कल. दर दोन डावांनंतर लग्नाच्या दागिन्यांची जाहिरात, ती बंद करायची फुली मुंगीच्या डोळ्याएवढी.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत हिशेबाचं काम करते. आकड्यांत आयुष्य चाललेल्या माणसाला वाटतं की दोन सारखे शोधून जुळवायचे, यात काय मोठंसं? बँकेचं स्टेटमेंट आणि खातेवही जुळवण्यापेक्षा सोपंच. म्हणून पहिले आठ-दहा दिवस मी जुळवतच राहिले. द्राक्षं आली की डब्यात द्राक्षं कुठायत ते बघायचं आणि नेमकी त्यांच्यावर सोडायची. गुण आठशे, नऊशे, कधी अकराशे. पीचच्या पुढं काही गेलं नाही. दर डावाचा शेवट ठरलेला: दोन सफरचंदं, एक उजव्या भिंतीला, एक डाव्या भिंतीला, आणि त्यांच्यामध्ये पर्सिमॉन, चेऱ्या, स्ट्रॉबेऱ्या यांची अशी काही गर्दी की सकाळी ठाण्याच्या दहा नंबर फलाटावरच्या जिन्याची आठवण यावी.

आणि तरी पुन्हा ‘खेळा’चं बटण दाबायचा मोह आवरत नव्हता. हरले ते नशिबानं नव्हे, माझ्याच एका फळामुळं, हे दर वेळी डोळ्यांसमोर दिसायचं. पत्त्यांत पानं वाईट आली म्हणता येतं. इथं सगळा डबा उघडा, पुढचं फळ कोणतं तेही बाजूला दाखवलेलं. फक्त फळ गोल, आणि गोल वस्तू ठेवली तिथं राहत नाही. तुम्ही ठरवता डावीकडं, ते नासपतीच्या पाठीवरून घरंगळत उजवीकडच्या खाचेत जाऊन बसतं. तेवढ्या घरंगळण्यातच सगळी मजा आहे असं माझं मत आहे. चौकोनी ठोकळ्यांचा असता तर मी तो दोन दिवसांत काढून टाकला असता.

एका परतीच्या संध्याकाळी या घरंगळण्याच्या नादात कोपरखैरणे मागं पडलं आणि मी तुर्भ्याला उतरले. घरी उशीर झाला. आबांनी विचारलं, “मार्केटात काय काम काढलंस?”

आबा म्हणजे माझे वडील. गाव पाटण तालुक्यात. तुर्भ्याजवळच्या वाशीच्या फळ मार्केटात माथाडी म्हणून जवळजवळ सगळी उमर गेली. चुंबळ डोक्यावर आणि पेट्या चुंबळीवर. आता गुडघे बोलतात म्हणून घरी असतात आणि दिवसभर टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडतात. मी फोन त्यांच्यापुढं धरला आणि तुर्भ्याचं कारण दाखवलं.

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. बराच वेळ बघितलं. पहिला आक्षेप अननसावर. “अननस आसा चेंडूवानी लोळतो व्हय?” खेळात सगळंच गोल आहे, नासपतीसुद्धा, हे मी समजावलं. ते त्यांना पटलं नाही, पण त्यांनी सोडून दिलं. मग डब्यावर बोट ठेवून म्हणाले, “आगं, भोकं किती सोडलीस ही! बारका माल त्यात घाल की. वर कशाला रचतीस?”

मला वाटलं, हे बरोबर. उभ्या आयुष्यात ज्यानं पेट्या, खोकी आणि ट्रक भरले, त्याला जागा कशी वापरायची हे कळणारच. दुसऱ्या दिवशीपासून मी खाचा भरायला लागले. दोन सफरचंदांच्या बेचक्यात चेरी. नासपती आणि भिंत यांच्या मधल्या तिकोनात स्ट्रॉबेरी. डबा कसा दिसायचा म्हणता! कुठं फट नाही. आणि गुण सातशेच्या घरात.

इथं मी थांबून जरा विचार केला, कारण हिशेब लागत नव्हता. जागा जास्तीत जास्त वापरली तर डाव जास्त चालायला हवा. गावदेवीजवळ एक मोसंबीवाला बसतो. त्याचा मनोरा बघत मी एका संध्याकाळी उगीच उभी राहिले. खालच्या थरातल्या तीन मोसंब्यांच्या मधल्या खळग्यात वरचं एक मोसंबं, असा रचलेला. एकसारखे गोळे रचायची यापेक्षा दाट रीत नाही, असं योहानेस केप्लरनं १६११ मध्ये लिहून ठेवलं, पण ते गणितानं सिद्ध व्हायला थॉमस हेल्सची १९९८ मधली सिद्धता यावी लागली. त्या रचनेत साधारण ७४ टक्के जागा फळांची आणि बाकीची हवेची. मोसंबीवाल्याला सिद्धतेची गरज पडलेली दिसली नाही. मला मात्र तिथं उभं असताना एक गोष्ट डोक्यात आली. त्याचा मनोरा जागेवर राहायला हवा. माझा डबा जागेवर राहायला नको. माझ्या डब्यातल्या प्रत्येक फळाला अजून एक जोडीदार भेटायचा आहे. खाचेत घट्ट बसवलेली चेरी म्हणजे चार बाजूंनी भिंती बांधून कोंडलेली चेरी. दुसरी चेरी तिच्यापर्यंत पोचणार कशी? ती तिथंच राहते, आणि तिच्या अंगावरची दोन सफरचंदं तिच्यामुळं एकमेकांना टेकत नाहीत. म्हणजे भोकं भरली की फळं मरतात.

शिवाय डबा शांत बसत नाही. हा भाग मला नंतर कळला, पण इथंच सांगते. दोन फळं जुळली की त्यांच्या मधोमध नवं फळ उगवतं आणि ते आकारानं मोठं असल्यामुळं शेजाऱ्यांच्या अंगात घुसलेलं असतं. असे खेळ आतून हिशेबाचेच असतात: सेकंदाला साठेक वेळा प्रत्येक फळ कुठं आहे, कुणाला टेकतंय, कुणात घुसतंय याची मांडणी होते आणि घुसलेल्यांना एकमेकांपासून लोटलं जातं. (अशा हिशेबाचं एरिन कॅटो यांनी लिहिलेलं ‘बॉक्स टू डी’ नावाचं फुकट वापरता येणारं सॉफ्टवेअर आहे. गलोलीनं पक्षी भिरकवायच्या ‘अँग्री बर्ड्स’मागं तेच होतं.) म्हणून दर जुळणीला डब्याला एक हिसका बसतो. हिसका बसला की बारीक फळ खालच्या फटीत सरकतं आणि मोठं वर उचललं जातं. चिवड्याचा डबा दोनदा हलवून बघा, शेंगदाणे वर आणि बारीक चुरा तळाला. भौतिकशास्त्रात याला ‘ब्राझील नट परिणाम’ असं नाव आहे. ब्राझीलपर्यंत जायची गरज नव्हती, पण नाव पडलं ते पडलं.

रविवारी आबांना म्हणाले, “तुमच्या सांगण्यानं माझे गुण घटले.”

“दाव.”

दाखवलं. त्यांनी या खेपेला फोन हातातच घेतला आणि डब्याच्या तळाकडं बघत राहिले. मग एकदम चिडलेच. “ह्याच्यात परतवारी कुठाय? समदा माल एकात कालवलास. चार डझनाच्या पेटीत सहा डझनाचा आंबा घालतं का कुणी?”

हापूसची पेटी डझनावर ओळखली जाते. पेटीचा आकार तोच, त्यामुळं चार डझनाच्या पेटीत आंबा मोठा, पाचच्यात त्याहून लहान, सहाच्यात आणखी लहान. पेटी भरण्याआधी आंबे वेगवेगळे काढायचे, मग थर लावायचे. आबांच्या मते पहिलं काम भरणं नव्हे, निवडणं. मग मला कलिंगडांच्या ढिगाचं सांगायला लागले. ट्रक रिकामा करताना माणसांची साखळी करून फळ झेलत झेलत आणायचं, मोठी कलिंगडं भिंतीकडं लावायची, बारकी त्यांच्या पुढं, म्हणजे ढीग ढासळत नाही आणि गिऱ्हाइकाला हवा तो नंबर काढताना बाकीच्यांना हात लागत नाही. “खाली मोठं, कडंला मोठं. बारकं आपल्या हाताशी. बारकंच सारखं लागतं.”

आमच्या गावच्या घरी आजीची उतरंड होती, काळी मडकी एकावर एक, खाली रांजणाएवढं आणि वर वाटीएवढं. ती उतरंड आडवी पाडली तर जे होईल ते मी सोमवारपासून डब्यात करायला लागले. डाव्या कोपऱ्यात सगळ्यात मोठं फळ. त्याच्या उजवीला त्याहून एक नंबर लहान. त्याच्या उजवीला आणखी एक नंबर लहान. असं करत उजव्या भिंतीशी चेऱ्या-स्ट्रॉबेऱ्या. डावाच कोपरा का, तर गाडीत उजव्या हातानं कडी धरलेली असते आणि डाव्या हाताच्या अंगठ्याला तिथं फळ नेणं सोपं पडतं. बसायला मिळालं असतं तर कदाचित उजवा कोपरा घेतला असता. यामागं दुसरं शास्त्र नाही.

फरक तिसऱ्या दिवशी दिसला. उजव्या भिंतीशी चेरीवर चेरी सोडली. स्ट्रॉबेरी झाली, ती शेजारच्या स्ट्रॉबेरीला टेकली. द्राक्षं झाली, ती शेजारच्या द्राक्षांना टेकली. डेकोपॉन. पर्सिमॉन. सफरचंद. एका चेरीनं उजवीकडून डावीकडं पाच-सहा टप्पे, टप टप टप, माझं बोट काचेवरून उचललेलं, मी काहीच करत नाहीये. आणि मागं उजव्या बाजूला एवढी मोकळी जागा! ऐरोलीला शेजारच्या बाईंनी विचारलं, “काय झालं हो?” मी बहुतेक मोठ्यानं काहीतरी बोलले होते.

नंबरानं लावलं की जुळवावं लागत नाही. जुळणी झाल्यावर जे फळ तयार होणार, त्याचा जोडीदार त्याच जागी उभा हवा, एवढं आधी बघायचं. म्हणजे आत्ताच्या फळाकडं बघून उपयोग नाही. पर्सिमॉनला पर्सिमॉन मिळतंय, बरं, पण त्याचं सफरचंद कुठं उगवेल? दोघांच्या मधोमध. मग त्या मधोमधच्या जागेपाशी सफरचंद आहे का? नसेल तर थांबावं. लटकतं फळ तोवर दुसरीकडं, त्याच्या नंबरच्या शेजाऱ्यापाशी ठेवावं.

थांबणं मला सगळ्यात जड गेलं. खेळ घाई करत नाही, घाई गाडी करते. पुढचं स्टेशन आलं की उगीच वाटतं एवढं सोडून टाकावं. माझे वाया गेलेले डाव मी मोजले असते तर अर्धेअधिक स्टेशन येता येता सोडलेल्या फळांनी गेलेले निघाले असते. दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, तोवर ऐरोली ते ठाणे हा टप्पा सलग लांब होता. तेव्हा हा खेळ माझ्याकडं असता तर किती बरं झालं असतं, असा विचार मी खरोखर केला आहे. दिघ्याच्या लोकांनी माफ करावं.

बाकीच्या युक्त्या किरकोळ आहेत आणि दोन आठवड्यांत हाताला येतात. मोठ्या फळाखाली बारकं अडकलं तर वरून वजनदार फळ आदळून ढीग हलवायचा. कधी निघतं, कधी आणखी रुततं. दोन मोठी फळं एका केसाइतकी दूर राहिली तर शेजारी मुद्दाम एक छोटी जुळणी करायची, तिचा धक्का त्यांना लोटतो. नको असलेली चेरी आली तर तिला ढिगाच्या माथ्यावर दिसेल अशी ठेवायची, फटीत कधीच नाही.

कलिंगडाचा मी हिशेब मांडला होता. दर टप्प्याला दोनाचं एक, असे दहा टप्पे, म्हणजे एका कलिंगडात १०२४ चेऱ्या. आकडा बघून हबकायला होतं, पण वरून पर्सिमॉनही मिळतं आणि एक पर्सिमॉन म्हणजे सोळा चेऱ्या. पाचही फळं सारख्या प्रमाणात आली असं धरलं तर सरासरी एका फळात ६.२ चेऱ्या, म्हणजे साधारण १६५ फळांत कलिंगड व्हायला हवं. एकही वाया न घालवता. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एक्सेलमध्ये हे मांडलं आणि साहेब आले तशी खिडकी बंद केली.

माझं पहिलं कलिंगड एका गुरुवारी रात्री घरातच झालं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. दोन खरबुजं डाव्या भिंतीशी एकमेकांवर कललेली, मध्ये बोटभर फट, आणि वरून मी पर्सिमॉन सोडलं. ते वरच्या खरबुजाच्या खांद्यावर आपटलं, खरबूज किंचित खाली बसलं, आणि हिरवं, पट्ट्यापट्ट्यांचं कलिंगड अर्धा डबा अडवून उभं राहिलं. गुण २,२३७. आबांना हाक मारली. त्यांनी बघितलं, म्हणाले, “झ्याक. आता ते हलवू नकोस,” आणि पुन्हा बातम्यांकडं वळले.

मूळ खेळात दोन कलिंगडं एकमेकांना टेकली की दोन्ही नाहीशी होतात. बारावा नंबरच नाही. मला हे ऐकून वाईट वाटलं होतं, एवढं करून हातात काहीच नाही? आबांना सांगितलं तर त्यांना ते सगळ्यात रास्त वाटलं. “सकाळी आलेला माल दुपारपातूर गाळ्यावर दिसाया नको. ऱ्हायला तर नासला.” तेव्हापासून दोन कलिंगडं हे माझं लक्ष्य झालं आहे आणि आजवर ते मला एकदाही जमलेलं नाही.

एकदाच अगदी जवळ गेले. मागच्या मंगळवारी, सकाळच्या गाडीत. आदल्या रात्रीचा अर्धवट डाव, डाव्या कोपऱ्यात एक कलिंगड, त्याच्या उजवीला खरबूज, अननस, पीच अशी उतरंड लागलेली. घणसोलीला गर्दी आत आली. रबाळ्याला पिचं जुळली, अननस झालं, ते अननसाला भिडलं, खरबूज झालं, ते खरबुजाला भिडलं, आणि दुसरं कलिंगड उगवलं, पहिल्याच्या शेजारी. चिकटून नाही. दोघांच्या मध्ये, अगदी तळाशी, एक स्ट्रॉबेरी. लाल, चेहरा हसरा. या खेळात सगळ्या फळांना डोळे आणि तोंड असतं, आणि त्या क्षणी ते किती संतापजनक असतं ते खेळल्याशिवाय कळणार नाही.

स्ट्रॉबेरी काढायचे दोन मार्ग होते. तिच्यापर्यंत दुसरी स्ट्रॉबेरी पोचवायची, पण वर दोन कलिंगडांची पोटं एकमेकांकडं झुकलेली, मध्ये चेरीसुद्धा जाणार नाही एवढी फट. किंवा हिसके देऊन कलिंगडं हलवायची. मी ऐरोलीपासून हिसके देत राहिले. उजवीकडं द्राक्षं जुळवली, कलिंगड डुललं, परत बसलं. डेकोपॉन जुळवलं, पुन्हा डुललं. दोन कलिंगडांनी डबा असा व्यापलेला की उरलेल्या जागेत बाकीचं सगळं उभं रचावं लागत होतं. दिघा गेलं. ठाण्याआधी गाडी सिग्नलला थांबली. हातात पर्सिमॉन लटकत होतं, ते नेमकं कुठं आदळायचं हे मला अखेर दिसलं होतं, दुसऱ्या कलिंगडाच्या उजव्या उतारावर. तेवढ्यात गाडी सुटली, मागून उतरणाऱ्यांचा लोंढा दाराकडं सरकला, कुणाची तरी पर्स माझ्या कोपराला लागली आणि अंगठा काचेवरून उचलला गेला. पर्सिमॉन ढिगाच्या माथ्यावर. रेषा ओलांडली. ३,९०४.

स्क्रीनशॉट काढून ठेवला. रात्री जेवताना आबांना दाखवला आणि पर्सवालीची सगळी कहाणी सांगितली. त्यांनी कहाणी मध्येच तोडली. दोन बोटांनी फोटो मोठा केला, आता त्यांना ते येतं, आणि तळातल्या लाल ठिपक्यावर नख टेकवलं.

“ही हितं कवा टाकलीस?”

मी आठवायचा प्रयत्न केला. आदली रात्र, कुकर, आणि कोपऱ्यात पहिलं कलिंगड नुकतंच बसलेलं. त्याच्या पायाशी एक छोटी खाच दिसत होती आणि ती मोकळी बघवली नव्हती.

“भोक होतं तिथं,” मी म्हणाले.

आबांनी फोन परत दिला आणि आमटी वाढून घेतली.